हेडफोन ॲम्प्लिफायर बदलावा का? मोजक्या पैशांत निर्णय घेण्याची पद्धत

हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा का, किंवा हाताशी असलेला साधा ॲम्प विकून मोठा घ्यावा का, हा प्रश्न बहुतेक वेळा इतरांचे अभिप्राय वाचून किंवा एखाद्या मित्राच्या आग्रहावरून सोडवला जातो. वास्तविक तो मोजमापाने सुटणारा प्रश्न आहे. पुरेशा आवाजासाठी हेडफोनला किती व्होल्टेज लागते, सध्याचे उपकरण ते देते का आणि देताना आवाजात स्वतःची काही भर घालते का, एवढे कळले की निर्णयाचा मोठा भाग होऊन जातो. हे सारे घरबसल्या, थोडक्या खर्चात कळू शकते. ज्याच्याजवळ या छंदासाठी दहा-बारा हजार रुपयेच आहेत आणि ते गेले तर पुन्हा जमायला वर्ष लागेल, अशा श्रोत्यासाठी हा लेख आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: ॲम्प बदलण्याची खरी गरज मोजक्या आणि ओळखता येण्याजोग्या परिस्थितींतच पडते, आणि आपली परिस्थिती त्यांत बसत नसेल तर तो पैसा हेडफोनवर खर्च करणे केव्हाही श्रेयस्कर.

पुढचे सर्व विवेचन वायरच्या हेडफोनविषयी आहे. ब्लूटूथ हेडफोनच्या आत त्याचा स्वतःचा ॲम्प असतो, त्यामुळे त्या मार्गाने ऐकताना बाहेरच्या ॲम्पचा काही उपयोग होत नाही.

तक्रार आधी कागदावर उतरवावी

सध्याच्या आवाजात नेमके काय खटकते, हे एका वाक्यात लिहून काढावे. आवाज पुरेसा मोठा होत नाही, मोठा केल्यावर फाटतो, किंवा गाणे थांबले तरी मागे सळसळ किंवा घरघर ऐकू येते, यांपैकी एखादी तक्रार असेल तर दोष ॲम्पच्या बाजूला असण्याची शक्यता खरोखर आहे. बेस कमी वाटतो, वरचे स्वर कानाला टोचतात, गायकाचा आवाज मागे पडतो अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेडफोनच्या घडणीत असते. ॲम्पशी त्याचा संबंध एका विशिष्ट बाबतीतच येतो आणि ती बाब पुढे सविस्तर घेतली आहे. आणि तक्रार अशी काहीच नसून अधिक चांगले काही असेल का एवढीच ओढ असेल, तर तेही तसेच लिहावे. त्या ओढीत गैर काही नाही, परंतु तिच्यासाठी बजेटचा शेवटचा रुपया घालवू नये.

हेडफोनचे दोन आकडे

हेडफोनच्या माहितीपत्रकातून दोन आकडे शोधायचे. पहिला इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला हेडफोन करतो तो विरोध, जो ओहममध्ये दिलेला असतो. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विद्युतसंकेत दिल्यावर हेडफोन किती डेसिबल आवाज काढतो तो आकडा. या दुसऱ्या आकड्याचे एकक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. काही उत्पादक तो एका मिलिवॉटला किती डेसिबल असा देतात, तर काही एका व्होल्टला किती डेसिबल असा देतात, आणि दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो.

मिलिवॉटचा आकडा व्होल्टमध्ये बदलण्याची रीत सोपी आहे. त्यात ३० मिळवावेत आणि इम्पिडन्सच्या लॉगरिदमची (पाया १०) दहापट वजा करावी. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो या मॉडेलच्या ३२, ८० आणि २५० ओहमच्या आवृत्त्या मिळतात. मिलिवॉटला ९६ डेसिबल हा आकडा धरला तर २५० ओहमच्या आवृत्तीसाठी ९६ अधिक ३० वजा २४, म्हणजे व्होल्टला १०२ डेसिबल येतात. ८० ओहमसाठी हाच हिशेब १०७ वर आणि ३२ ओहमसाठी १११ वर जातो. मिलिवॉटच्या भाषेत तिन्ही सारखेच कार्यक्षम आहेत, पण फोनला जोडल्यावर ३२ ओहमचा हेडफोन दणदणीत वाजतो आणि २५० ओहमचा दबकत वाजतो, त्याचे कारण या वजाबाकीत आहे. फोन आणि लॅपटॉप यांची मर्यादा बहुतेक वेळा व्होल्टेजची असते.

एकक छापलेलेच नसेल तर फार सावध राहावे. एखाद्या ३७ ओहमच्या प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनच्या पत्रकात नुसतेच ‘९४ डेसिबल’ लिहिले आहे असे समजा. हा आकडा मिलिवॉटचा असेल तर व्होल्टला सुमारे १०८ डेसिबल होतात आणि ११० डेसिबलच्या शिखरासाठी सव्वा व्होल्ट, म्हणजे अवघे ४० मिलिवॉट पुरतात. तोच आकडा व्होल्टचा असेल तर सव्वासहा व्होल्ट आणि एक वॉटहून अधिक शक्ती लागेल. पहिल्या बाबतीत हजार रुपयांचा डोंगल (यूएसबीला जोडायचा, हेडफोनचा जॅक असलेला छोटा अडॅप्टर) जवळजवळ पुरेल, दुसऱ्या बाबतीत टेबलावरचा दणकट ॲम्पच हवा. अशा वेळी हेडफोनची स्वतंत्रपणे केलेली मोजमापे शोधावीत. प्रचलित मॉडेलची ती सहसा उपलब्ध असतात.

किती व्होल्ट लागतील, याचा हिशेब

लक्ष्य म्हणून ११० डेसिबलचे शिखर धरावे. हा आकडा ऐकण्याच्या सरासरी पातळीचा नाही. तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा अचानक उठणारा घोष यांसारख्या क्षणिक उंचीसाठी ठेवलेली ती जागा आहे. सरासरी पातळी याच्या बरीच खाली असते आणि असायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला चार तासच उरतात. ज्या श्रोत्याला हेडफोन १०० डेसिबलच्या सरासरीने वाजवायचा म्हणून ॲम्प हवा आहे, त्याने तो घेऊ नये, एवढेच मी म्हणेन.

उदाहरणासाठी सेनहायझर एचडी ६५० हा हेडफोन घेऊ. २००३ पासून बाजारात असलेला हा ३०० ओहमचा हेडफोन आहे आणि त्याची सेन्सिटिव्हिटी व्होल्टला १०३ डेसिबल आहे. व्होल्टेज दुप्पट केले की सहा डेसिबल वाढतात, म्हणून दोन व्होल्टला १०९ आणि चार व्होल्टला ११५ डेसिबल होतात. आपले ११० चे लक्ष्य सव्वादोन व्होल्टच्या आसपास गाठले जाते. शक्तीच्या भाषेत बोलायचे तर हे जेमतेम १७ मिलिवॉट झाले. ‘३०० ओहमच्या हेडफोनला भरपूर पॉवर लागते’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, पण खरी गरज व्होल्टेजची आहे, वॉटची नाही.

हाच धागा ॲम्पच्या जाहिरातीतले आकडे वाचताना उपयोगी पडतो. बहुतेक कंपन्या ३२ ओहमला मिळणारी शक्ती ठळक छापतात. तीवरून व्होल्टेज काढण्यासाठी वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे. ‘३२ ओहमला १०० मिलिवॉट’ म्हणजे साधारण १.८ व्होल्ट, आणि ‘३२ ओहमला एक वॉट’ म्हणजे सुमारे ५.७ व्होल्ट. दोन आकड्यांत शक्तीचा फरक दहापट दिसतो, परंतु कानाला मिळणारा फरक दहा डेसिबलचा आहे, आणि माणसाला दहा डेसिबलची वाढ ढोबळमानाने आवाज दुप्पट झाल्यासारखी वाटते. शिवाय आपण आवाजाचे बटण निम्म्यावर ठेवून ऐकत असू, तर ती उरलेली शक्ती कधी वापरलीच जात नाही.

सध्याचे उपकरण काय देते

आता दुसरी बाजू. ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर डोंगल सुमारे एक व्होल्ट देतो. युरोपात विकली जाणारी त्याची आवृत्ती निम्म्यावर मर्यादित केलेली आहे, त्यामुळे तिकडून कोणी आणून देणार असेल तर हे लक्षात ठेवावे. हाच डोंगल अनेक अँड्रॉइड फोनवर जाणवण्याइतका हळू वाजतो, कारण फोन त्याचा अंतर्गत आवाज पूर्ण उघडत नाही. इतर अनेक डोंगल साध्या जोडणीतून दोन व्होल्टच्या आसपास देतात. २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोपासून ॲपलने हेडफोनच्या जॅकमध्येच एक सोय केली आहे: जोडलेल्या हेडफोनचा इम्पिडन्स १५० ओहमपेक्षा कमी असेल तर जॅक १.२५ व्होल्टपर्यंत देतो आणि १५० ते १००० ओहम असेल तर तीन व्होल्टपर्यंत. त्या लॅपटॉपवर एचडी ६५० ला ११२ डेसिबलपर्यंत जागा मिळते. असा लॅपटॉप असलेल्या माणसाने केवळ ‘३०० ओहम’ हा आकडा पाहून ॲम्प घेणे म्हणजे घरात असलेलीच वस्तू पुन्हा विकत घेणे आहे.

आकडे सापडत नसतील तर कानाने करायची एक परीक्षा आहे आणि ती निर्णायक आहे. आपल्या संग्रहातले सर्वांत हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेले गाणे निवडावे. खयालाचे एखादे जुने ध्वनिमुद्रण त्यासाठी उत्तम, कारण त्यात आलापाची पातळी फार खाली असते. मग आपल्याला कधीही हवासा वाटेल इतका मोठा आवाज करावा. बटण शेवटापर्यंत पोहोचण्याआधीच समाधान झाले आणि तीव्र जागी आवाज फाटला नाही, तर शक्तीचा प्रश्न तिथेच मिटला. बटण टोकाला टेकूनही आवाज अपुरा वाटला, तर ॲम्पची गरज खरी आहे.

या परीक्षेत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातून सुटते. इक्वलायझर (निरनिराळ्या स्वरपट्ट्यांची पातळी वेगवेगळी कमी-जास्त करणारे साधन) वापरून बेस सहा डेसिबलने उचलायचा असेल, तर संकेत फाटू नये म्हणून एकूण पातळी आधी सहा डेसिबलने खाली आणावी लागते. म्हणजे एक व्होल्टचा डोंगल प्रत्यक्षात अर्ध्या व्होल्टचा होतो. एचडी ६५० ला अर्ध्या व्होल्टवर शिखराला ९७ डेसिबल मिळतील, आणि शिखरापेक्षा वीस-बावीस डेसिबल खाली सरासरी असलेले शास्त्रीय गायन ७५ च्या आसपास वाजेल. शांत खोलीत ते चालून जाते, पंखा चालू असलेल्या खोलीत चालत नाही. आज पुरेसा असलेला डोंगल इक्वलायझरनंतर अपुरा पडू शकतो, म्हणून ही परीक्षा इक्वलायझर लावूनच करावी.

आउटपुट इम्पिडन्स: ॲम्प स्वर बदलू शकतो ती जागा

शक्ती पुरेशी असूनही ॲम्पमुळे हेडफोनचा स्वरभाव बदलण्याचे एक खरे कारण आहे. प्रत्येक ॲम्पला स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स असतो आणि तो हेडफोनच्या इम्पिडन्सबरोबर व्होल्टेज वाटून घेतो. हेडफोनचा इम्पिडन्स सर्व कंपनसंख्यांना सारखा नसतो, त्यामुळे वाटणीही सारखी होत नाही आणि काही स्वर वर, काही खाली जातात.

कानात घालायच्या बहु-ड्रायव्हर (आवाज काढणारे एकाहून अधिक घटक असलेल्या) इअरफोनमध्ये हा परिणाम सर्वांत मोठा दिसतो. समजा, एखाद्या इअरफोनचा इम्पिडन्स कुठे ८ तर कुठे ४० ओहम आहे आणि ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम आहे. मग ८ ओहमच्या जागी सात डेसिबल गळतात आणि ४० ओहमच्या जागी फक्त दोन. म्हणजे इअरफोनच्या मूळ स्वरात पाच डेसिबलचा बदल झाला, आणि तो कोणालाही ऐकू येईल. उलट एचडी ६५० चा इम्पिडन्स बेसच्या भागात ३०० वरून सुमारे ५०० ओहमपर्यंत चढतो. त्याला १२० ओहमचा आउटपुट इम्पिडन्स असलेल्या व्हॉल्व्ह (निर्वात नळीच्या) ॲम्पला जोडले तरी बेस सुमारे एका डेसिबलनेच वाढतो. व्हॉल्व्ह ॲम्पवर हा हेडफोन ‘उबदार’ वाजतो असे जे म्हणतात, त्यात या एका डेसिबलचा वाटा नक्कीच आहे. सर्वसाधारण नियम असा की ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा जास्त नसावा: ३२ ओहमला चार, ३०० ओहमला साडेसदतीस.

हे मोजताही येते. ३३ ओहमचा एक रेझिस्टर, एक जादा ऑडिओ केबल आणि मल्टिमीटर एवढेच लागते; सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास काही रुपयांत मिळतात. मीटर मात्र पाहून घ्यावा. दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या नेहमीच्या पिवळ्या मीटरवर एसी व्होल्टेजची सर्वांत खालची पट्टी २०० व्होल्टची असते आणि ती दशांश व्होल्टपेक्षा बारीक काही दाखवत नाही. एसीचे मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर कोणाकडून तरी एका संध्याकाळपुरता मागून आणावा.

फोनवर किंवा लॅपटॉपवर ३०० हर्ट्झचा एकसलग स्वर लावावा आणि हेडफोन काढून ठेवून, आवाज बेताचा ठेवून, केबलच्या उघड्या टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. मग त्याच दोन टोकांमध्ये रेझिस्टर लावून पुन्हा मोजावे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून एक वजा करावा आणि ३३ ने गुणावे. मोकळे असताना १.०० व्होल्ट आणि रेझिस्टरसह ०.७७ व्होल्ट आले, तर आउटपुट इम्पिडन्स जवळपास १० ओहम आहे. तशा जॅकवर संवेदनशील इअरफोन ऐकणाऱ्याने बदल जरूर करावा, पण त्यासाठीही महाग ॲम्प लागत नाही. एक ओहमच्या आसपास आउटपुट इम्पिडन्स असलेला साधा डोंगल पुरतो.

सळसळ आणि घरघर

सतत ऐकू येणाऱ्या आवाजाचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. वाफ सुटल्यासारखी मंद सळसळ संवेदनशील इअरफोनवर येते आणि ती ॲम्पच्या स्वतःच्या गोंगाटातून येते. ॲम्पला गेनचा, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा हे ठरवणारा, स्विच असेल तर तो खालच्या जागी ठेवावा. एवढ्यानेच अनेकदा काम होते. या श्रोत्याने अधिक शक्तिशाली ॲम्प घेतला तर सळसळ वाढण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा प्रकार म्हणजे विजेची घरघर, किंवा माउस हलवताना आणि पान सरकवताना ऐकू येणारी किरकिर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. घरघर थांबली तर दोष चार्जर आणि घरातील अर्थिंग यांचा आहे. अनेक जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनला अर्थिंग जोडलेलेच नसते, आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते त्याचे लक्षण असू शकते. हे काम इलेक्ट्रिशियनचे आहे आणि संगीत बाजूला ठेवले तरी ते करून घेणे आवश्यक आहे. किरकिर बॅटरीवरही कायम राहिली तर लॅपटॉपच्या आतील ध्वनी-सर्किट सदोष आहे. अशा वेळी हेडफोनच्या जॅकमधून निघालेला संकेत नव्या ॲम्पला देऊ नये, कारण ॲम्प ती किरकिरही तितकीच मोठी करील. यूएसबीवर चालणारा डोंगल किंवा डॅक-ॲम्प (डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतरही करणारा ॲम्प) घेणे हा इथला योग्य उपाय.

पैसे न घालता होणाऱ्या सुधारणा

चौथ्या प्रकारची, म्हणजे स्वरभावाची तक्रार असणाऱ्यांनी ॲम्पकडे वळण्याआधी इक्वलायझर वापरून पाहावा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट ही ॲप उपलब्ध आहेत, आणि ऑटोईक्यू या खुल्या प्रकल्पात हजारो हेडफोनसाठी मोजमापांवरून काढलेल्या दुरुस्त्या विनामूल्य मिळतात. इक्वलायझर एका ठिकाणी पाच-सहा डेसिबलचा बदल सहज करतो. चांगल्या बनावटीच्या दोन ॲम्पमधला फरक डेसिबलच्या अगदी लहान अंशाएवढाच असतो. यातून तक्रार दूर झाली तर खर्च शून्य. झाली नाही, तर निदान आपल्याला कोणता स्वरभाव हवा आहे हे नेमके कळते आणि पुढचा हेडफोन निवडणे सोपे जाते.

कानावरच्या गाद्याही तपासाव्यात. दोन-तीन वर्षांच्या वापरात त्या दबतात, कान आणि ड्रायव्हर यांतले अंतर कमी होते, कडेची पकड सैल होते आणि स्वरभाव हळूहळू पालटतो. हा बदल इतका सावकाश होतो की हेडफोन जुना झाला असे न वाटता ॲम्प कमी पडतो असे वाटू लागते. नव्या गाद्यांचा खर्च ॲम्पच्या तुलनेत फार कमी असतो आणि परिणाम मात्र स्पष्ट ऐकू येतो.

उसना ॲम्प आणून प्रामाणिक तुलना

वरच्या सर्व पायऱ्यांनंतरही नव्या ॲम्पची ओढ कायम असेल, तर कोणाकडून तरी तो उसना आणून तुलना करावी. या तुलनेत आवाजाची पातळी जुळवणे सर्वांत महत्त्वाचे. दोन उपकरणांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तर कानाला तो मोठेपणा म्हणून जाणवत नाही. जास्त स्वच्छ, जास्त खुला, जास्त जिवंत आवाज असा त्याचा भास होतो. दुकानात नवे उपकरण चांगले वाटण्याचे हे फार मोठे कारण आहे. त्यासाठी एका जॅकचे दोन करणारा स्प्लिटर लावून एका बाजूला हेडफोन आणि दुसऱ्या बाजूला मीटर जोडावा, ३०० हर्ट्झच्या स्वरावर दोन्ही ॲम्पचे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवावे आणि नंतर बटणांना हात लावू नये.

मग घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्यावे. प्रत्येक खेपेला नाणे उडवून ॲम्प निवडायचा, हेडफोन त्यात जोडायचा आणि आपण पाठमोरे बसून कोणता ते सांगायचे. असे सोळा वेळा करावे. निव्वळ अंदाजाने बारा किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव चार टक्क्यांहूनही कमी असतो, म्हणून बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर फरक खरा आहे असे मानायला हरकत नाही. आठ-नऊ बरोबर आली तर आपल्या कानाला, आपल्या हेडफोनवर, आपल्या गाण्यांत फरक कळत नाही, एवढा अर्थ त्यातून घ्यावा आणि पैसे खिशात ठेवावेत. ही परीक्षा कंटाळवाणी आहे हे खरे, पण दहा हजार रुपयांच्या निर्णयाला एक संध्याकाळ देणे जड वाटू नये.

घ्यायचेच ठरले तर

व्होल्टेज कमी पडते, आउटपुट इम्पिडन्स जास्त आहे किंवा लॅपटॉपचा जॅक सदोष आहे, यांपैकी काही सिद्ध झाले असेल तर खरेदी न्याय्य आहे. तीही पायरीपायरीने करावी. ज्याचा प्रश्न दोन व्होल्टपर्यंत सुटतो, त्याने हजार ते पाच हजारांतला डोंगल घ्यावा. चार व्होल्ट हवे असतील तर ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड (दोन्ही कानांसाठी वेगळ्या तारांच्या) जोडणीचे डोंगल बघता येतात, परंतु हेडफोनला तशी वेगळी केबल लागते आणि तिचा खर्च हिशेबात धरावा. बॅलन्स्ड जोडणीने आवाजाचा दर्जा आपोआप वाढतो असे मानण्याचे कारण नाही. तिच्यामुळे व्होल्टेज जवळपास दुप्पट मिळते, हाच तिचा खरा लाभ. त्यापलीकडची गरज असेल तरच टेबलावरचा ॲम्प.

या वर्गात स्वच्छ आवाज मिळवणे आता महाग राहिलेले नाही. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ओ२ या ॲम्पचा आराखडा सर्वांसाठी खुला केला, पुढच्याच वर्षी शिट कंपनीचा मॅग्नी ९९ डॉलरला आला आणि २०१८ मध्ये जेडीएस लॅब्जचा ॲटम त्याच किमतीला आला. गोंगाट आणि विरूपण ऐकू येणार नाही इतके कमी ठेवणे तेव्हापासून शंभर डॉलरच्या आतली गोष्ट झाली आहे. म्हणून वीस-पंचवीस हजारांच्या ॲम्पकडे पाहताना आपण जोडण्या, रिमोट, रूप आणि जादा शक्ती यांसाठी पैसे देत आहोत हे स्वतःशी स्पष्ट असावे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांबरोबर ॲम्प मागवण्याचा बेत अनेक जण करतात, कारण इथे तो मागवला तर सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून किंमत चांगलीच फुगते. मात्र यांपैकी कित्येक ॲम्पसोबत येणारा अडॅप्टर ११० ते १२० व्होल्टचा असतो आणि तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावताच जळतो. त्यातही काहींना एसी पुरवठाच लागतो, त्यामुळे घरात पडलेला कोणताही डीसी अडॅप्टर चालत नाही. मागवण्याआधी २३० व्होल्टची आवृत्ती किंवा तसा अडॅप्टर मिळतो का, हे विचारून घ्यावे. यूएसबीवर चालणाऱ्या उपकरणांना ही अडचण येत नाही.

जुना ॲम्प विकत घेणे हा तुटपुंज्या बजेटातला उत्तम मार्ग आहे, कारण टेबलावरच्या साध्या सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) ॲम्पमध्ये झिजण्यासारखे फारसे काही नसते. पाहताना आवाजाचे बटण हळूहळू फिरवून खरखर येते का ते ऐकावे. अगदी कमी आवाजाला डावी आणि उजवी बाजू सारखी वाजते का हेही तपासावे. स्वस्त पोटेन्शिओमीटरमध्ये (आवाजाच्या बटणामागच्या बदलत्या रोधकात) तिथे फरक राहतो आणि संवेदनशील इअरफोन वापरणाऱ्याला नेमके त्याच भागात ऐकायचे असते. जॅकमध्ये पिन हलवून आवाज तुटतो का ते पाहावे. आत बॅटरी असलेले जुने पोर्टेबल ॲम्प मात्र मी टाळायला सांगेन, कारण बॅटरी उतरलेली असते आणि ती बदलून मिळणे अवघड जाते.

नवा घेतला असेल तर परत करण्याची मुदत पावतीवर पाहून ठेवावी, खोके आणि आतील वेष्टन जपावे, आणि त्या मुदतीतच तेच जुने ध्वनिमुद्रण, तोच इक्वलायझर आणि तीच व्होल्टेज जुळवून केलेली तुलना पुन्हा करावी. जी तक्रार कागदावर लिहिली होती ती दूर झाली असेल तर ॲम्प ठेवावा. झाली नसेल तर मुदत संपण्याआधी तो परत पाठवून पैसे मोकळे करून घ्यावेत.